शाप, वरदान आणि पोतेभर गवत

बी. ए. भाग २

यंदाच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धेचा विषय होता, 'यंत्र : शाप की वरदान?' विषय काही नवा नव्हे. आमचे एक प्राध्यापक म्हणाले की, ते शिकत असतानाही हाच विषय होता आणि शापाच्या बाजूने बोलून त्यांनी ढाल जिंकली होती. मला चिठ्ठीत वरदान आले. विजेच्या दिव्यापासून मळणीयंत्रापर्यंत सारे मुद्दे मी मांडले, शेवटी एक सुभाषित म्हटले आणि दुसरा क्रमांक घेऊन जागेवर येऊन बसले. टाळ्या चांगल्या पडल्या. परंतु खरे सांगायचे तर यंत्राविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे जे होते, ते मी बोललेच नाही. ते बोलायचे तर आधी माझे वडील काय काम करतात हे सांगावे लागले असते, आणि भरल्या सभागृहापुढे तेवढे धाडस मला झाले नाही. वार्षिकांक ज्याचा त्याने एकट्याने वाचायचा असतो. म्हणून येथे लिहिते आहे.

माझे वडील बुलडाण्यात एका बंगल्यावर माळीकाम करतात. (जातीने आम्ही माळी नव्हे, पण कामावरून लोक त्यांना माळीबुवाच म्हणतात आणि त्यांचीही त्याला हरकत नसते.) आमचे गाव चिखली रस्त्याने येळगावच्या धरणापुढे थोडे आत आहे. तेथून ते सायकलने येतात. बंगल्याच्या मालकांना बाबा साहेब म्हणतात, मी काका म्हणते. काकांच्या आवारात गुलाबाचा एक लांबट वाफा आहे, एक जांभूळ आहे, आणि दोनेक गुंठे हिरवळ आहे.

ही हिरवळ हरळीची आहे. खेड्यातून आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना हे वाचून हसू येईल. आपल्या शेतात हरळी शिरली म्हणजे शेतकऱ्याची झोप उडते. नांगरून तिच्या काशा वर काढायच्या, वेचायच्या, उन्हात वाळवायच्या, जाळायच्या, आणि तरीही पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा हजर. तीच हरळी शहरात पाणी देऊन, खत घालून वाढवतात. मी एकदा आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमी उपटू उपटू मेलो, अन् हे लोकं तिले पानी पाजतेत!" गणपतीच्या दिवसांत तीच दूर्वा होऊन देवाच्या डोक्यावर जाते, ही गोष्ट वेगळी.

हिरवळ वाढली की कापावी लागते. काकांकडे त्यासाठी दोन माणसांनी चालवायचे जुने यंत्र होते. दोन चाके, मध्ये गोल फिरणारी पाती, मागे दांडा. बाबा मागून दांडा रेटत, आणि पुढे दोरी बांधून ती ओढायला आणखी कोणीतरी लागे. शाळेला सुट्टी असली की ते कोणीतरी म्हणजे मी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कापणी होई. कापलेले गवत बाबा झाडून पोत्यात भरत, पोते सायकलच्या कॅरियरला बांधत, आणि संध्याकाळी त्यांच्या सायकलची घंटी वाजली की आमच्या दोन्ही बकऱ्या दाव्याला हिसके देऊ लागत. हे पोते पगारात धरलेले नव्हते. कोणी दिलेले नव्हते आणि कोणी नाकारलेलेही नव्हते. ते होते, एवढेच.

पुढे ग्रंथालयात एका पुस्तकात मी वाचले की, गवत कापण्याचे यंत्र पहिल्यांदा इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या कारागिराने काढले आणि त्याचे पेटंट १८३० साली झाले. त्याआधी तेथील जमीनदारांच्या वाड्यांपुढची हिरवळ मजूर लांब दांड्याच्या कोयत्याने कापत. पहाटे, दव असताना, कारण ओले गवत नीट कापले जाते. बडिंगच्या गावाकडे लोकरीच्या कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावर वर आलेली लव सारखी कातरणारे यंत्र त्या गिरण्यांत असे. ते पाहून त्याला वाटले, कापडाची लव कातरता येते तर जमिनीची का नाही? आणि गंमत अशी की, त्याच्या यंत्रालाही पुढून ओढण्यासाठी दुसऱ्या माणसाला धरायला मूठ होती. म्हणजे सुट्टीत मी जी दोरी ओढत होते, तिला जवळजवळ दोनशे वर्षांची परंपरा होती म्हणायची!

असो. गेल्या जुलैत काकांचा मुलगा जर्मनीहून आला. येताना त्याने आपोआप चालणारे, गवत कापणारे यंत्र आणले. अशी यंत्रे तिकडे आता घराघरांतून दिसतात, असे तो म्हणाला. स्वीडनच्या हुस्कवर्ना कंपनीने सूर्यप्रकाशावर चालणारे असे यंत्र १९९५ सालीच बाजारात आणले होते. नंतर चार्ज होणाऱ्या बॅटरीची आली. काकांच्या मुलाला सुट्टी थोडी, नातेवाईक फार. त्याने एक दिवस खोके उघडून दाखवले आणि पाहुणचाराला निघून गेला. यंत्राबरोबर एक जाड पुस्तक होते. बाबांनी ते उलटेसुलटे करून पाहिले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "पाय बरं माय, ह्याच्यात काय लिवलं हाये. तू कालेजात जातं ना आता."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवून (प्राध्यापकांनी क्षमा करावी) बंगल्यावर गेले.

ते यंत्र दिसायला थेट कासवासारखे. बाबांनी त्याचे नाव कासवच ठेवले. उलटे केले की पोटाखाली एक चकती आणि चकतीला दाढीच्या पात्यासारखी तीन लहान पाती, एकेका स्क्रूवर सैल लटकणारी. ती पाहून बाबा म्हणाले, "हे गवत कापीन का दाढी करीन?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. वाढलेले गवत हे यंत्र नीट कापूच शकत नाही. त्याचे सारे तंत्र असे की, गवताला वाढूच द्यायचे नाही. रोज फिरायचे आणि रोज केवळ शेंड्याची नखाएवढी टोके उडवायची. ती टोके तेथेच मुळाशी पडतात, कुजतात आणि त्यांचे खत होते. पुस्तकात हा फार मोठा फायदा म्हणून सांगितला होता: गवत गोळा करण्याची कटकट नाही! मी ते वाक्य बाबांना मराठीत मोठ्याने वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. माझ्याही ते त्या वेळी ध्यानात आले नाही. मी पुस्तक वाचण्यात गुंग होते.

यंत्र सुरू करण्याआधी हिरवळ एकदा आखूड कापून घ्यावी लागते. म्हणून त्या दिवशी सकाळी बाबांनी आणि मी ते जुने यंत्र ओढले. पोते बांधून ठेवले. मग तार घातली.

तार हीच त्या यंत्राची सारी अक्कल. हल्ली उपग्रहाच्या संदेशावर किंवा कॅमेऱ्यावर चालणारी, तार न लागणारी यंत्रेही निघाली आहेत. हे मात्र तारेचे होते. हिरवळीच्या कडेने सगळीकडून एक तार फिरवायची, प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी ती जमिनीला चिकटवून टाकायची आणि तिची दोन्ही टोके चार्जिंगच्या ठाण्याला जोडायची. ठाण्यातून तारेत अगदी थोडा विद्युत्प्रवाह सोडलेला असतो. यंत्र तारेजवळ आले की त्याला तो कळतो आणि ते मागे वळते. आतल्या आत ते वाटेल तसे भटकते, कशाला धडकले तर वळते, बॅटरी उतरली की तार शोधत शोधत आपल्या ठाण्यावर येऊन उभे राहते. डोळे त्याला नाहीत. गुलाब आणि गवत यांत फरक त्याला समजत नाही. जी काही समज आहे ती तार घालणाऱ्याची.

आणि तार घालायला हिरवळ माहीत असावी लागते. पुस्तकात लिहिले होते की, कडेला जमिनीच्या पातळीतली फरशी असेल तर तार तिच्या जवळून न्यावी, आणि भिंत असेल तर फूटभर आत घ्यावी, नाहीतर यंत्र भिंतीला घासते. मी फूटभर मोजले. बाबा म्हणाले, "अजून वीतभर आत घे." मला वाटले, भिंतीच्या नव्या रंगाची त्यांना काळजी असेल. घेतली.

गुलाबाच्या वाफ्यापाशी आमचे घोडे अडले. वाफा हिरवळीच्या मधोमध. त्याला तारेचे वेगळे रिंगण करून चालत नाही, कारण तार सलग एकच हवी. म्हणून कडेपासून तार वाफ्यापर्यंत न्यायची, वाफ्याला वेढा घालायचा आणि आल्या वाटेनेच परत आणायची. पण मग त्या वाटेवर यंत्र अडणार नाही का? पुस्तक म्हणते, अडणार नाही. फक्त जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून ठेवा. एकीतला प्रवाह इकडे, दुसरीतला तिकडे. दोन्ही एकमेकांना मारतात, आणि यंत्राला वाटते येथे तारच नाही. मी कला शाखेची. दहावीनंतर विज्ञान सुटले ते सुटलेच. पण हे समजले तेव्हा मला जो आनंद झाला तो, खोटे कशाला बोलू, इतिहासाच्या पेपरातही कधी झाला नव्हता. पहिल्या वेळी आम्ही दोन तारांत हातभर अंतर ठेवले होते. कासव तेथे येऊन भिंत असल्यासारखे परत फिरले. खुंट्या उपटल्या, तारा जुळवल्या, आणि मग ते सरळ वरून निघून गेले. बाबांनी टाळी वाजवली.

त्याआधीची एक फजिती राहिली. जर्मनीचा प्लग आपल्या सॉकेटात जाईना. बाजारातून जोडपिन आणावी लागली. ती बसवली, दिवा लागला, यंत्र निघाले, अर्ध्या हिरवळीपर्यंत गेले आणि तेथेच थांबले. आम्हाला वाटले बिघडले. मी पुस्तकाची पाने उलटत बसले. घरातून काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लाईट गेली." यंत्राच्या पोटात बॅटरी भरलेली होती, पण ठाण्याची वीज गेली म्हणजे तारेतला प्रवाह गेला, आणि तार कळेना म्हटल्यावर ते जागचे हलत नाही. बाबा म्हणाले, "बैल बसला." तासाभराने वीज आली आणि बैल उठला.

चार दिवसांनी जोराचा पाऊस झाला. हिरवळीच्या एका कोपऱ्यात पाणी साचते. बाबांनी आधीच सांगितले होते की तो कोपरा तारेबाहेर ठेवा. काकांचा मुलगा म्हणाला की, नको, हिरवळ पूर्ण झाली पाहिजे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्र त्या कोपऱ्यात गेले आणि काळ्या मातीत चाके गरगर फिरवत, खड्डा करून, बसून राहिले. आपली माती कशी चिकटते ते मी सांगायला नको. चाकांचे लाडू झाले होते. पुस्तकात पावसाविषयी लिहिलेले होते, चढ किती चालेल याचा आकडाही होता. परंतु वापसा हा शब्द त्यात नव्हता. जमीन वरून कोरडी दिसते आणि आतून अजून पाय ठेवू देत नाही, हे बाबांना उंबरठ्यावरून कळते. कोपरा वगळला. तार पुन्हा घातली.

रात्री यंत्र चालवायचे नाही, हे मात्र काकांच्या मुलानेच बजावून सांगितले. युरोपात अंगावर काटे असलेला एक लहान प्राणी असतो. भीती वाटली की तो पळत नाही, गोळा होऊन बसतो, आणि रात्री फिरणाऱ्या या पात्यांनी तो जखमी होतो. तेथील काही शहरांनी म्हणून रात्रीची मनाई केली आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बेडूक असतात. बाबांनी सकाळी दहा ते चार वेळ ठरवली आणि मी ती फोनवर लावून दिली.

आता सांगायची गोष्ट पुढे आहे.

जाण्याच्या आदल्या दिवशी काकांच्या मुलाने मला बोलावून पाचशे रुपये दिले. "तू नसतीस तर हे खोक्यातच राहिले असते," तो म्हणाला. माझ्या शिक्षणाची ही पहिली कमाई. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. इंग्रजी वाचता आले म्हणून मला पैसे मिळाले, याचा बाबांना केवढा अभिमान! त्या संध्याकाळी त्यांनी ते सगळ्या गल्लीला सांगितले. आई त्याच दिवशी दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये निंदणाला गेली होती. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, तीनशे रुपये रोजाने. मी नोट तिच्या हातात दिली. तिने ती पाहिली, पदराच्या गाठीला बांधली आणि म्हणाली, "बसून वाचलं न् पाचशे!" त्या बोलण्यात कौतुक होते. पण मी खाली पाहिले.

आणि ऑगस्टपासून काकांनी बाबांचे दिवस कमी केले. आधी रोज जात, आता आठवड्यातून तीन दिवस. यात काकांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. काम उरले नाही तर रोज कशाचा द्यायचा? ते चांगले आहेत. दिवाळीला त्यांनी नेहमीप्रमाणे कपडे दिले. बाबांची कासवावरही माया आहे. त्याच्या चाकांतली माती तेच काडीने काढतात, पाती तेच बदलतात. मात्र पोते आता येत नाही. नखाएवढी टोके कोण वेचणार? पोळ्यापर्यंत एक बकरी विकावी लागली.

'शाप की वरदान' या प्रश्नाने मला अशी अडचण होते. कोणाला, हे त्यात विचारलेलेच नाही.

आम्हाला पहिल्या वर्षी गांधीजींचे यंत्राविषयीचे विचार होते. १९०९ सालच्या 'हिंद स्वराज्य'मध्ये त्यांनी यंत्रांवर कडक टीका केली. पण पुढे १९२४ साली एका संभाषणात त्यांनी एक अपवाद सांगितला होता, तो शिवणयंत्राचा. सिंगरने आपल्या बायकोला हाताने टाके घालताना पाहिले आणि तिचे कष्ट वाचावेत म्हणून, तिच्यावरील प्रेमापोटी, ते यंत्र काढले, असे गांधीजींनी सांगितले. खरा इतिहास इतका सरळ असेलच असे नाही. परंतु कसोटी मला पटली: यंत्र काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणाची पाठ होती?

त्या कसोटीवर हे कासव लावून पाहा. दोन गुंठे हिरवळ, जिच्यातून खायचे काही पिकत नाही, ती सारखी दिसावी म्हणून जगातल्या हुशार माणसांनी तारेतला प्रवाह, बॅटरी, फोन, उपग्रह एवढे सारे कामाला लावले. आणि गवत काढण्याचेच दुसरे काम, ज्याच्यावर आपल्या जिल्ह्याचे सोयाबीन आणि पऱ्हाटी उभी राहते, ते माझी आई आजही लोखंडाच्या वीतभर खुरप्याने करते. उकिडवे बसायचे, आपापली पाथ धरायची, आणि बसल्या बसल्या पुढे सरकायचे. मी सुट्टीत जाते म्हणून मला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी मांड्या धरतात, दुसऱ्या दिवशी कंबर, तिसऱ्या दिवसापासून काही वाटेनासे होते. पाऊस आला तर प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर घेऊन तेथेच बसायचे. बैलाचा डवरा दोन ओळींमधले तण काढतो, सायकल कोळपेही काढते. त्यामुळे बायांचे काम हलके झाले हे खरे. पण ओळीतले, दोन रोपांच्या मधले तण हातानेच उपटावे लागते. आणि पीक एकदा दाटले की डवराही आत जात नाही.

तुम्ही म्हणाल, तणनाशक आहे ना. आहे. आपल्या भागात निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर परवडत नाहीत, ही शेतकऱ्याची रड खोटी नाही. आमचेही अडीच एकर कोरडवाहू आहे. जून २०१९ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर या गावी, शेतकरी संघटनेच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे मनाई असलेले बियाणे जाहीरपणे पेरले. कायदा मोडून पेरले, याचे मोठे कारण निंदणाचा खर्च हेच होते. दुसरीकडे केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाची फवारणी कीड नियंत्रणाचे काम करणाऱ्या व्यावसायिकांनीच करावी, असा आदेश काढला. त्या वादात तज्ज्ञ बोलले, पुढारी बोलले, कंपन्या बोलल्या. निंदणाऱ्या बाईला कोणी विचारले असेल तर मला तरी ते वाचायला मिळाले नाही. मी आईला विचारले. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "निंदन जावं, पन रोज जाऊ नये."

या चार शब्दांवर अर्थशास्त्राच्या आमच्या सरांनी एक तास घ्यावा अशी माझी त्यांना नम्र विनंती आहे. कारण दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. ते काम इतके वाईट आहे की ते जायलाच हवे. आणि ते गेले की आईच्या हातात पावसाळ्याचे जे रोख पैसे येतात, तेही जातात. फवाऱ्याचा पंप पाठीला लावून जाणारा बहुधा पुरुष असतो. एक माणूस एका दिवसात दहा-बारा बायांचे काम संपवतो. त्यांनी पुढे काय करायचे ते तणनाशकाच्या डब्यावर लिहिलेले नसते, जसे गवताच्या पोत्याचे काय करायचे ते कासवाच्या पुस्तकात नव्हते.

काहीजण म्हणतील, ही मुलगी यंत्राच्या विरुद्ध आहे. मी विरुद्ध असते तर तार नीट घातलीच नसती! अमेरिकेत कॅमेऱ्याने तण ओळखून लेसरने जाळणारी यंत्रेही निघाली आहेत. म्हणजे रोप कोणते आणि तण कोणते हे यंत्राला शिकवता येते. पण ती ट्रॅक्टरमागे चालतात, आणि शेकडो एकरांच्या मालकासाठी आहेत. आमच्या गावच्या अवजारे बँकेत ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे, पेरणी यंत्र आहे, मळणी यंत्र आहे. सारी पुरुषांच्या हातातली कामे. बायांच्या हातातल्या एकाही कामाचे अवजार तेथे नाही. अकोल्याला आपले कृषी विद्यापीठ १९६९ सालापासून आहे, तेथे अवजारांवर काम चालते. तेथवर हे पोचवणारे कोणी असायला हवे.

त्यासाठी माझी एक सूचना आहे आणि ती आपल्या महाविद्यालयालाच आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गाजर गवत उपटतो, फोटो काढतो आणि परत येतो. पुढचे वर्षी ते गवत एक दिवस राहू द्यावे. त्याऐवजी गावातल्या निंदणाऱ्या पाच-पंचवीस बायांजवळ बसावे. खुरप्याची मूठ त्यांच्या हाताला बसते का, बसून सरकण्याऐवजी उभ्याने काय चालवता येईल, ते यंत्र कोणाच्या नावावर असावे, त्याचे भाडे कोणाला मिळावे, हे विचारून लिहून घ्यावे. यंत्र बायांच्या गटाच्या मालकीचे असले आणि शेतकऱ्याने त्यांनाच यंत्रासकट बोलावले, तर निंदण जाईल आणि रोज जाणार नाही. निदान मला तरी तसे वाटते. अर्थशास्त्र माझा विषय नाही. चूक असेल तर सरांनी पुढच्या अंकात लिहावे.

राहिली भिंतीकडेची गोष्ट. सप्टेंबरात एके संध्याकाळी बाबांची सायकल आली आणि उरलेल्या बकरीने दाव्याला हिसका दिला. कॅरियरला पोते होते. अर्धेच, पण होते. मी विचारले, हे कोठले? बाबा म्हणाले, "भिंतीकडचं." कासव तारेबाहेर जात नाही. तार भिंतीपासून फूट आणि वर वीतभर आत आहे, चारी बाजूंनी. तेवढ्या पट्ट्यात हरळी गुडघ्याला येते. ती बाबा विळ्याने कापतात आणि घरी आणतात. वीतभर आत का घ्यायला सांगितले ते मला तेव्हा कळले.

मागच्या आठवड्यात काकांच्या मुलाचा जर्मनीहून फोन आला होता. फोटोत त्याला कडेचे गवत फार वाढलेले दिसले. त्याने विचारले की, येत्या पावसाळ्याआधी तार थोडी बाहेर सरकवता येईल का; पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? पुस्तक माझ्याकडेच आहे. बाबांना मी अजून सांगितलेले नाही, आणि त्यालाही अजून उत्तर दिलेले नाही.